पाझरणारी झडप

घरातील ज्या वस्तू मुकाट्याने राबतात, त्या कुरकुर करू लागेपर्यंत त्यांची आठवण कुणाला होत नाही. आमच्या धर्मगुरुनिवासातील पंचवीस लिटरचा गीझर हा त्यांपैकीच एक. आइसलंडमधील ‘गेसिर’ नावाच्या उसळत्या उष्ण झऱ्यावरून या यंत्राला नाव मिळाले. आमचा गीझर मात्र बारा वर्षांच्या सेवेनंतर उसळण्याऐवजी कण्हू लागला होता. पाणी कोमट येई, तापताना आतून तडतड ऐकू येई आणि खालची झडप अहोरात्र ठिबकत राही.

पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच होते. आमच्याकडे बोअरिंगचे पाणी. ते तापले की त्यातील क्षारांचे चुन्यासारखे पूट कॉइलवर चढते. मग उष्णता पाण्याला नीट पोहोचत नाही आणि पुटाखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तडतड होते. मेन स्विच बंद करून व टाकी रिकामी करून कारागिराने कॉइल बाहेर काढली, तेव्हा ती ओळखू येईना. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत ठेवल्यावर पूट सुटले.

कॉइलच्या शेजारी मॅग्नेशियमची एक दांडी असते. तिची नुसती तार उरली होती. टाकीचे पोलाद गंजू नये म्हणून ही दांडी स्वतः झिजत जाते. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी सुचवलेला उपाय याच तत्त्वावरचा. दांडी संपली की गंजाची पाळी टाकीची. आम्ही नवी दांडी बसवून घेतली.

राहिली ती झडप. कारागीर म्हणाला, “फादर, हिला बूच मारतो. कटकट मिटेल. मी पुष्कळ ठिकाणी मारलंय, कुठे काही झालं नाही.”

आमच्या घरात एक वयोवृद्ध, निवृत्त धर्मगुरू राहतात. पहाटे पहिली अंघोळ त्यांची. “बाबा, आजवर काही झालं नाही, हे उद्याचं अभयपत्र नव्हे,” असे म्हणून आम्ही त्याचा हात थांबवला.

पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर गेले की सुमारे दीड टक्क्याने फुगते; पंचवीस लिटरमागे जवळजवळ दोन पेले. मागे जाण्याची वाट बंद असेल तर तेवढे पाणी या झडपेतून बाहेर पडते. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही निकामी झाले, तर वाढणाऱ्या दाबाला हीच शेवटची वाट. ती बुजवली तर टाकी फुटू शकते. तापतानाच ठिबकणे हे झडपेचे कर्तव्य होय. थंड असतानाही ठिबकणे हा बिघाड. आमची झडप थंड असतानाही ठिबकत होती, म्हणून ती बदलली. टाकीच पाझरू लागली असती, तर गीझरला निरोप देणे भाग होते. अर्थिंगही तपासून घेतले. नळाला हात लावताच मुंग्या आल्या, तर गीझर त्या क्षणी बंद करावा.

आता पहाटे, पाणी तापताना, दोन-चार थेंब पडतात. वृद्ध फादरांनी खाली एक तांब्या ठेवला आहे. त्यातले पाणी ते तुळशीला घालतात. तक्रारीचे तोंड बंद करणे आणि तक्रार दूर करणे, यांतला फरक त्या तांब्यापाशी रोज जाणवतो.