इसार

2018च्या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या पाचोडच्या घरात सतरंजीवर पाच रंगीत पुस्तिका पसरल्या होत्या. पाचही पुस्तिकांवर तेच निळं आभाळ, तेच पांढरं विमान आणि खांद्यावर पट्ट्या लावून हसणारी बहुधा तीच पोरं. मुलीने बारावीला फिजिक्स-गणित घेतलं होतं आणि पायलटच व्हायचं हे दहावीपासून लावून धरलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा मास्तर, साडेतीन एकर मोसंबीचा धनी. विमानात आयुष्यात एकदाही बसलो नव्हतो, आणि त्या पाचांतून एक निवडायला बसलो होतो. मोसंबीची रोपं घ्यायची असती तर रंगपूर लिंबाच्या खुंटावरची की जंबेरीच्या, एवढं तरी विचारलं असतं. इथे विचारायचं काय हेच कळत नव्हतं.

"फौजी नानांना विचारा की," बायको म्हणाली.

नाना फौजी नव्हेत. हवाई दलात ते एअरफ्रेम फिटर होते, वीस वर्षं विमानांच्या पोटाखाली उताणे पडून काम केलेले. पण पाचोडात लष्कर, नौदल, हवाई दल सगळं एकच, त्यामुळे नाना फौजी. निवृत्त झाल्यावर त्यांनी बीड रोडला मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. 2012-13च्या दुष्काळात बोअर आटत आले, तेव्हा अर्ध्या गावाच्या पाणबुडी मोटारी जळाल्या. माझी निम्मी बाग त्या साली वाळली, उरलेली टँकर घालून जगवली. नानांनी माझी मोटार तीनदा भरून दिली आणि पैसे दोनदाचेच घेतले. ते देणं अजून फिटलेलं नाही, आणि पुढे जे झालं त्यापुढे ते काहीच नव्हे.

पुस्तिका घेऊन मी दुकानात गेलो. नानांनी त्या उघडल्याही नाहीत. तांब्याची तार गुंडाळत म्हणाले, "गुरुजी, पोरीचं मेडिकल झालं का?"

नव्हतं झालं. मी आधी शाळा शोधत होतो.

"लोक लाखो रुपये भरतात आन् मग कळतं की कानात दोष हाय. आधी डोळे, कान, छाती. पैशाचं मग बघू."

आधी क्लास-2 मेडिकल झालं, मग क्लास-1साठी बंगळुरूला इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला जाऊन आलो. मुलीला चष्मा आहे. चष्मा लावून नजर नीट होत असेल तर चालतं, हे गावात अजून कुणाला खरं वाटत नाही. एका पाहुण्याने तर कुणाच्या तरी लग्नात मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काही द्यावं लागलं का?"

मग खरा शोध सुरू झाला. महाराष्ट्रात पर्याय नव्हते असं नाही. गोंदियाला बिरसीच्या विमानतळावर मोठी संस्था होती. शिरपूरला तापीकाठी होती. बारामतीला एमआयडीसीतल्या धावपट्टीवर पोरं शिकत होती. 1929 साली ज्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून जेआरडी टाटांनी देशातला पहिला वैमानिक परवाना काढला, त्या क्लबाची पोरं आता धुळ्याला उडत होती. सरकारी म्हणजे उत्तर प्रदेशातली फुरसतगंजची. तिची लेखी परीक्षा मुलगी पास झाली, पुढच्या फेरीत राहिली. आठवडाभर नीट जेवली नाही. परदेशाचाही विचार झाला, पण तिकडचा परवाना इथे बदलून घ्यायची वेगळी खटपट ऐकून मीच गार पडलो.

मला आवडली होती ती भलतीच. राज्याबाहेरची एक अकादमी होती, नाव घेत नाही. त्यांचा माणूस फोनवर इतका गोड बोलायचा की मी शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याच्या फोनची वाट बघायचो. चौदा विमानं. बारा महिन्यांत परवाना. आणि सगळी फी एकरकमी भरली तर चार लाख सूट. बँकेचं शैक्षणिक कर्ज होत आलं होतं, सातबाऱ्यावर बोजा चढणार होता, मोसंबीच्या एका व्यापाऱ्याने, आमच्या बागवान चाचांनी, चिठ्ठीचपाटीशिवाय दोन लाख उचल दिली होती. अशा वेळी चार लाखांची सूट म्हणजे काय, ते ज्याला हप्ते भरायचे त्यालाच कळेल. मी जवळजवळ होकार दिला होता.

नाना म्हणाले, "चला, बघून येऊ. बैल घेताना दात बघतोच ना आपण?"

रात्रभर रेल्वे, मग बस, मग रिक्षा. तिकीट नानांनी स्वतःचं स्वतः काढलं होतं. फाटकावरचा रखवालदार माजी सैनिक निघाला. त्याचं आणि नानांचं दोन मिनिटं काहीतरी युनिटबिनिटचं बोलणं झालं. आत एसी ऑफिसात कोट घातलेल्या एका तरुणाने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पडद्यावर विमानं दाखवली. मी मान डोलवत होतो. पाच मिनिटांत नाना उठले. "जरा बाथरूमला जाऊन येतो."

नाना अर्धा तास आले नाहीत. मग तो रखवालदारच मला बोलवायला आला.

हँगरच्या मागे गवत वाढलेलं होतं. त्यात सहा सेसना उभ्या. दोघींना पुढचा फिरता पंखाच नव्हता, नाकाच्या जागी नुसतं भोक. एकीचं चाक बसलेलं, टायरला भेगा. नाना डाव्या पंखाखाली वाकून उभे होते. मला म्हणाले, "इकडं या, हे बघा."

पंखाच्या खालून बोटाएवढी एक नळी पुढे आलेली होती. तिच्या तोंडावर कपड्याची टोपी असायला हवी, ती नव्हती. नळीचं तोंड सुकलेल्या मातीने बंद. कुंभारीण माशीने तिथे घर केलं होतं. आमच्या घराच्या कोनाड्यात असतं तसंच, छान लिंपलेलं.

"ही पिटो नळी," नाना म्हणाले. "हिच्यात समोरची हवा शिरती, त्यावरून वेग कळतो. ह्या विमानाला आपला वेग कळून किती महिने झाले असतील, गुरुजी?"

त्यांनी माती खरवडली नाही. दुसऱ्याच्या विमानाला हात लावायचा नसतो, म्हणाले.

हँगरमध्ये आणखी पाच होती, उघडी पडलेली. धावपट्टीच्या बाजूला तीन. ती मात्र धुतलेली, इंजिनं गरम, खाली तेलाचे ताजे डाग. चौदाचा आकडा खोटा नव्हता. चौदा होतीच.

नानांनी खिशातून दुकानाचं पावतीबुक काढलं आणि एका पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. परवान्याला दोनशे तास लागतात. पोरं साठ. म्हणजे बारा हजार तास. एक विमान महिन्याला शंभर तास उडालं तरी शाबासकी, कारण शंभर तास झाले की ते तपासणीला उघडायचं असतं, शिवाय पाऊस, धुकं, सुट्ट्या. तीन विमानं, महिन्याला तीनशे, वर्षाला छत्तीसशे. बारा हजार भागिले छत्तीसशे.

"तीन वर्षं चार महिने," मी म्हणालो. भागाकार मला येतो, तेवढ्यावरच माझी नोकरी आहे.

"आन् मास्तर किती हायेत ते मी इचारलंच न्हाई अजून," नाना म्हणाले. इन्स्ट्रक्टरला ते मास्तरच म्हणत.

बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. तिथे पांढऱ्या शर्टातला एक पोरगा एकटाच बसला होता, खांद्यावरच्या पट्ट्या काढून खिशात ठेवलेल्या. आमचं मराठी ऐकून त्याने मान वर केली.

"कुठले, काका?"

"पाचोड. पैठण तालुका."

"मी परभणीकडचा." थोडा थांबला, फाटकाकडे बघितलं. "मुलीसाठी आलात?"

"हो."

"मला येऊन एकोणीस महिने झाले. शहाऐंशी तास झालेत." तो हळू बोलत होता, पण आकडे पाठ असल्यासारखे. "जमिनीवरचे पेपर मी पहिल्या वर्षातच काढले. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, सगळ्यांत सत्तरच्या वर. उडायला विमान मिळत नाही. वर्षाचं मेडिकल परत करून आलो."

"मग सोडून का देत नाही?" मी विचारलं. आज त्या प्रश्नाची लाज वाटते.

"पैसे सगळे आधीच भरलेत, काका."

एवढ्यात आतून कुणीतरी आलं. पोरगा उठला, टपरीवाल्याच्या हातात काही नोटा ठेवल्या आणि निघून गेला. आम्ही उठलो तेव्हा टपरीवाला म्हणाला, तुमच्या दोघांचे पण त्यानेच दिले. मी मागे वळलो, तो फाटकाच्या आत गेला होता. नाव विचारायचं राहून गेलं. ऑफिसात कोणी बघितलं असतं तर त्याला उरलेले एकशे चौदा तास कसे मिळाले असते, हे मला परतीच्या गाडीत सुचलं.

गाडीत रात्री नाना झोपले नाहीत. मी म्हणालो, "पण नाना, चार लाख सूट होती."

"तुम्ही बाग उक्ती देता ना?"

"देतो."

"व्यापारी काय करतो? इसार देतो, मग जशी तोड होईल तसे पैसे. बाग तोडायच्या आधी सगळे पैसे मोजणारा व्यापारी बघितलाय का कधी पाचोडात?"

नव्हता बघितला.

"कामून नाही देत? मधी गारपीट झाली तर? फळगळ झाली तर? त्याला अक्कल हाय. मग तुम्ही मास्तर असून कामून देता?"

आयुष्यभर मी ज्या बाजूने हा व्यवहार केला, तोच उलट्या बाजूने मला ओळखू आला नव्हता.

पुढे जी शाळा निवडली ती महाराष्ट्रातलीच. नाव सांगितलं तर जाहिरात होईल. तिथे नानांनी पुस्तिका मागितली नाही, गेल्या महिन्याचा उड्डाणांचा फळा बघितला. दुरुस्तीचे इंजिनिअर संस्थेचे की बाहेरून येणारे, ते विचारलं. संध्याकाळी मुद्दाम थांबून धावपट्टीचे दिवे लागतात का ते पाहिलं, कारण परवान्याला रात्रीचेही तास लागतात. शेवटच्या टप्प्यातल्या दोन पोरांना बाजूला घेऊन तास विचारले. मग फीचं बोलणं. इसार, आणि पुढे दर पंचवीस तासांना हप्ता. संस्थेच्या माणसाने आधी नाक मुरडलं, पण कबूल झाला.

मार्च 2020 मध्ये कोरोनाने सगळं बंद केलं तेव्हा मुलीचे एकशे बारा तास झाले होते. उरलेल्या तासांचे पैसे आमच्याच खात्यात होते. त्या चार महिन्यांत मी निदान रात्री झोपलो. परवाना 2021 साली हाती आला, मग एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, त्यासाठी पुन्हा कर्ज, मग घरी बसून वाट बघणं, आणि 2023 मध्ये नोकरी. गणवेशातला फोटो घेऊन मी दुकानात गेलो. नानांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "इंजिन कोणतं हाय?" मला माहीत नव्हतं. मुलीला फोन लावून दिला. ती दोघं वीस मिनिटं बोलली, मी बाकड्यावर बसून राहिलो. नानांचा मुलगा आता मोटारी भरतो, नाना फक्त बोटांनी वेढे मोजून सांगतात.

त्या प्रवासाचे पैसे द्यायला मी तीनदा गेलो. एकदा त्यांनी दुकानच बंद करून घेतलं. आता दर बहाराला एक कॅरेट मोसंबी त्यांच्याकडे जाते, त्यातली अर्धी ते गिऱ्हाइकांना वाटतात.

2025 पासून डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, फ्लाइंग स्कूलांची श्रेणी ठरवून जाहीर करू लागली आहे. परवा आडूळचे एक पाहुणे ती यादी मोबाइलवर घेऊन आले, त्यांच्या मुलालाही जायचंय. यादी चांगली आहे, मी म्हणालो, पण नानांनाही घेऊन जा. आणि टपरीवर बसा थोडा वेळ.

मुलगी नव्या माणसाबरोबर ड्युटीला असली की विचारते, ट्रेनिंग कुठे केलं? उत्तरात त्या चौदा विमानांच्या अकादमीच्या गावाचं नाव आलं की पुढचा प्रश्न, परभणीकडचे का? मी दर रविवारी फोनवर विचारतो, "भेटला का?"

गेल्या रविवारी म्हणाली, "नाही आप्पा. लातूरचा एक भेटला. पण तो बारामतीला शिकलेला."

चहा तेव्हा दहा रुपयांना होता. आमचे दोघांचे वीस.