मर्ट्झ आणि निनिस: हिमनद्यांना मिळालेली दोन नावे

अंटार्क्टिकाचा किनारा मोजताना भूमी नेमकी कुठे संपते हेच ठरवणे अवघड असते, कारण उतारावरून आलेली हिमनदी समुद्राशी थांबत नाही, तर जिभेसारखी पाण्यावर तरंगत कित्येक किलोमीटर पुढे जाते आणि तिच्यावरून चालणाऱ्याला पायाखाली खडक आहे की पाणी हे कळत नाही. डग्लस मॉसन यांच्या 1911 ते 1914 या काळातील ऑस्ट्रेलेशियन मोहिमेने केप डेनिसन येथील आपल्या तळाच्या पूर्वेकडील असाच किनारा पायी मोजला. दक्षिण चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्राची सुई खाली झुके आणि दिशेसाठी तिच्यावर भरवसा ठेवता येत नसे. म्हणून स्लेजमागे जोडलेल्या चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजले जाई, तर थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बीणयुक्त यंत्राने, माध्यान्हीच्या सूर्याची उंची घेऊन अक्षांश काढला जाई.

14 डिसेंबर 1912 रोजी मॉसन चालत्या स्लेजवर बसून अशाच एका वेधाचे गणित करत होते. पुढे स्कीवर असलेल्या सहकारी झेवियर मर्ट्झ यांनी भेगेची खूण केली आणि मॉसन यांची स्लेज त्या भेगेवरच्या बर्फाच्या झाकणावरून सुखरूप पार झाली. मागून पायी येणारे तिसरे साथीदार बेलग्रेव्ह निनिस मात्र कुत्रे, तंबू आणि बहुतेक अन्नासह त्याच भेगेत नाहीसे झाले. दोघांनी काठावरून तासन्‌तास हाका मारल्या, आणि त्याच दिवशी जवळच्या उंचवट्यावर जाऊन, तळापासून सुमारे 500 किलोमीटरवर, शेवटचे वेध घेतले. नकाशा अपुरा राहू नये ही त्या घडीची निष्ठा केवळ कर्तव्यबुद्धीने उलगडत नाही. परतीच्या वाटेवर, 8 जानेवारी 1913 रोजी, मर्ट्झ यांचाही अंत झाला. एकटे उरलेले मॉसन 8 फेब्रुवारीला तळावर पोहोचले, तेव्हा त्यांचे जहाज काही तासांपूर्वीच निघून गेले होते.

जाताना तिघांनी मिळून ज्या दोन मोठ्या हिमनद्या ओलांडल्या होत्या, त्यांना मॉसन यांनी मर्ट्झ आणि निनिस ही नावे दिली. केप डेनिसन आणि हॉर्न कडा ही नावे मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांच्या सन्मानार्थ आहेत, आणि तसे करण्यात गैर काही नव्हते, कारण त्या पैशाविना मोहीम निघालीच नसती. तरीही ज्यांनी ती भूमी पायाखाली घातली त्यांच्या नावाचा अधिकार वेगळाच म्हणावा लागतो. हॉर्न कड्यापर्यंतचा किनारा याच मोहिमेतील सेसिल मॅडिगन यांच्या तुकडीने समुद्रबर्फावरून जाऊन रेखाटला, आणि त्या वाटेत या दोन्ही हिमजिव्हाही ओलांडल्या. फेब्रुवारी 2010 मध्ये एका अजस्र हिमनगाच्या धडकेनंतर मर्ट्झ हिमजिव्हेचा सुमारे 78 किलोमीटर लांबीचा तुकडा सुटला, त्यामुळे तिथली किनारारेषा नव्याने आखावी लागली. या जिव्हा शतकभरात किती वाढल्या आणि किती तुटल्या हे ताडून पाहताना उपग्रहचित्रांशेजारी संशोधक 1912-13 चे तेच पायी केलेले मापन ठेवतात.