कै. लिहिण्यापूर्वी

आमच्या वडिलांच्या काळी दारात तारवाला उभा राहिला, की घरातील बायकामाणसे आधी डोळ्यांना पदर लावीत आणि मग तार फोडीत. क्वचित तीतून नेमणुकीचा हुकूमही निघे. पण तारेचा लौकिक मुळी मृत्यूचा. मात्र ती कोणी तरी पैसे मोजून, शब्द मोजून, आपल्या नावाने धाडलेली असे. २०१३ च्या जुलैमध्ये सरकारने ती सेवा बंद केली. आता मृत्यूची वार्ता हातातल्या फोनवर येते, फुकट येते, आणि ती कोणाची म्हणून पाहू जावे, तर ज्याने त्याने ती दुसऱ्याकडून घेऊन पुढे ढकललेली असते.

पूर्वी खोट्या वार्ता नव्हत्या असे नाही. काकमैथुन दृष्टीस पडले, तर आप्तांना आपल्या मृत्यूची खोटी बातमी कळवावी, त्यांनी रडावे, म्हणजे अरिष्ट टळते, अशी आपल्याकडे समजूत होती. पण त्या खोट्याच्या पाठोपाठ खुलासाही जाई. हल्लीचे खुलासे मागे राहतात. २०२२ च्या नोव्हेंबरात विक्रम गोखले पुण्यात रुग्णशय्येवर असताना २३ तारखेच्या रात्री ते गेल्याचे देशभर पसरले. मोठमोठ्यांनी आदरांजल्या वाहिल्या. ते जिवंत आहेत, हे त्यांच्या कुटुंबीयांना लोकांना सांगावे लागले. गोखले गेले ते २६ तारखेला. मधल्या दिवसांत त्या घराने आजाऱ्याची शुश्रूषा करावी, की परक्यांची श्रद्धांजली परत करीत बसावे?

आम्ही दिल्लीत केंद्र सरकारचे कारकून. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धाला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आमच्या वाचकांना सांगणे नलगे. जो गृहस्थ समोर बसून चहा पितो, त्याचे जिवंत असणेसुद्धा दाखल्यावाचून ग्राह्य नाही. मग हात जोडलेल्या एका चित्रावरून त्याचे मरण आम्ही ग्राह्य का धरावे? कागद आला, की तो कोणाच्या सहीचा, कोणत्या तारखेचा आणि लिहिणाराला त्याचा अधिकार काय, एवढे पाहण्याची आमच्या पेशाला खोड आहे. या खोडीची थट्टा पुष्कळ होते. येथे मात्र ती कामास येते.

कारण खरी वार्ता बहुधा कोरडी असते. ‘आमचे वडील आज पहाटे वारले, राहत्या घरून अकरा वाजता नेणार’ आणि खाली मुलाचे नाव. ज्याला माणसे जमवावयाची आहेत, तो घर सांगतो, वेळ सांगतो, स्मशान सांगतो. विशेषणे त्याला सुचत नाहीत. खोट्या किंवा ऐकीव वार्तेत युगाचा अंत झालेला असतो, पोकळी निर्माण झालेली असते, फक्त अंत्ययात्रा कोठून निघणार तेवढे नसते.

ही कसोटी सर्वस्वी निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. सांगणाराचा अधिकारही दगा देतो. १९७९ च्या मार्चमध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी जयप्रकाश नारायण निवर्तल्याचे लोकसभेत सांगितले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीने बातमी दिली, आणि जयप्रकाश मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते. त्यांचा अंत झाला ८ ऑक्टोबरला. पंतप्रधानांहून मोठी सही ती कोणती? पण ते उशाशी नव्हते. बरे, उशाशी असणाराचेच खरे मानावे, तर २ फेब्रुवारी २०२४ रोजी अभिनेत्री पूनम पांडे हिच्या खुद्द स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावरून ती कर्करोगाने वारल्याचे जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच प्रकट होऊन म्हणाली, की रोगाविषयी जागृती व्हावी म्हणून हे केले. या प्रकाराला काकमैथुनाची तरी सबब हवी होती!

तथापि परमुलखातल्या माणसाची खरी अडचण कसोटीची नाही, विचारण्याची आहे. गावात असतो, तर गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिले असते. येथे सुतक धरावे की नाही, रजेचा अर्ज टाकावा की नाही, पहाटेची गाडी गाठावी की नाही, हे तासाभरात ठरवावयाचे असते. उशीर झाला तर अग्नी देऊन झालेला असावयाचा. आणि विचारावयाचे कोणाला? त्या घरी फोन लावून ‘हे गेले, खरे का?’ असे ज्या तोंडाने विचारावे, ते तोंड आम्हांला तरी नाही. खरे असेल तर क्रूरपणा, खोटे असेल तर त्याहून अधिक.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या समूहावर आमचे गणिताचे गुरुजी गेल्याची वार्ता आली. अर्ध्या तासात चाळीस जणांनी हात जोडले. वेळ नाही, घर नाही, कळविणाराचे नाव नाही. आम्ही गुरुजींच्या घराखालच्या वाण्याचा क्रमांक मिळविला आणि दुकान उघडे आहे का, एवढेच विचारले. गुरुजींचे दार बंद असते, तर त्यानेच सांगितले असते.

“उघडं आहे की,” तो म्हणाला. “गुरुजी आत्ताच साखर घेऊन वर गेले. काही निरोप आहे का?”

समूहावर आम्ही तसे लिहिले. पुढे कळले, की त्याच नावाचे दुसऱ्या शाळेतले एक शिक्षक त्या दिवशी खरोखरच वारले होते. आमच्या समूहातले जोडलेले हात तोवर पुसले गेले होते. त्या दुसऱ्या गृहस्थांसाठी ते पुन्हा कोणी जोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुरुजींना फोन केला. प्रकृती विचारली. “बरी आहे,” ते म्हणाले, “पण काय रे, आज अचानक?” उन्हाळ्यात रजा मिळाली तर येतो, असे आम्ही त्यांना सांगितले.