लेहच्या खोऱ्यांतील माती

लडाखचा प्रवास करून आलेली मंडळी बहुधा तेथील आकाशाच्या निळाईचें वर्णन करतात, गोंप्यांचें करतात, आणि खारदुंगच्या घाटांत आपणांस धाप कशी लागली हें तर अवश्य सांगतात. पायांखालच्या मातीविषयीं कोणी दोन शब्द बोलल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. आम्हांस शेतीची थोडी आवड असल्यामुळें म्हणा, किंवा तेवढ्या उंचीवर डोंगर चढण्याची ताकद नसल्यामुळें म्हणा, आमचे तेथील तीन आठवडे बव्हंशीं शेतांच्या बांधांवरून हिंडण्यांत गेले. आणि त्या देशांत पाहण्यासारखें जें जें आहे त्यांत जवाचें साधें शेत हेंच आम्हांस सर्वांत नवलाचें वाटलें.

प्रथम प्रदेशाची कल्पना दिली पाहिजे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फूट उंचीवर, सिंधूच्या खोऱ्यांत उत्तरेच्या अंगास वसलें आहे. नदीच्या उत्तरेस लडाखची डोंगररांग, दक्षिणेस झांस्करची. मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिकामे होऊन जातात. त्यामुळें वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून येथें पाणी पडतें तें अवघें चार इंचांच्या आसपास. आपल्या कोंकणांत आषाढांतील एखाद्या दिवशींच तेवढें पडून जातें! हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत, व कधीं त्याहूनहि खालीं उतरतो.

अशा हवेंत दगड फुटतो, पण कुजत नाहीं. दख्खनच्या पठारावर काळा पाषाण ऊन-पावसांत हजारों वर्षें भिजला, तापला, आणि आंतून बदलत जाऊन त्याची चिकण काळी माती झाली. त्या रासायनिक क्रियेस ऊब व ओल दोन्ही लागतात. लेहपाशीं दोन्ही दुर्मिळ. तेथें खडकाच्या फटींत शिरलेलें पाणी रात्रीं गोठतें, गोठतांना फुगतें, आणि खडकास उकलतें. दिवसा पुन्हा वितळतें. हें रोजचें चाललेलें असल्यामुळें डोंगराचे तुकडे होतात, तुकड्यांचे खडे होतात, खड्यांची वाळू होते. पण वाळूची चिकणमाती होण्याचा शेवटला टप्पा जवळ जवळ येतच नाहीं.

हा सर्व माल ओढ्यांनीं खालीं आणून टाकलेला आहे. घळीच्या तोंडाशीं पाण्याचा वेग एकदम मोडतो, आणि सूप पालथें घालावें तसा दगडमातीचा रुंद उतार तेथून नदीपर्यंत पसरतो. भूगर्भशास्त्रांत त्यास पंखा म्हणतात. लेह, साबू, फ्यांग, स्तोक हीं सारीं गांवें अशा पंख्यांच्या आधारानें वसलीं आहेत. वरच्या टोकास हत्तीएवढे धोंडे, मध्यें गोटे व खडे, आणि नदीच्या बाजूस बारीक वाळू व गाळ, अशी पाण्यानेंच केलेली चाळणी तेथें दिसते. चाळणी उत्तम, परंतु धान्य कोठेंच नाहीं; कारण पाटाच्या पाण्याची रेघ जेथें संपते तेथें हिरवळहि संपते, आणि पुढें क्षितिजापर्यंत करडा खडा.

तरीहि पाटाखालच्या शेतांत जी माती आहे तिला पोयटाच म्हणावें लागतें. पोयटा म्हणजे वाळू, गाळ व चिकणमाती यांचें असें मिश्रण, कीं ज्यांत कोणा एकाचें राज्य नसतें. लेहच्या बाजूस त्यांत वाळूचा वांटा बराच अधिक, शिवाय वर खडे. दोन मिलिमीटरांच्या चाळणींतून जो पडत नाहीं तो खडा. जमिनीच्या आकारमानांत असे खडे शेंकडा पंधराहून अधिक भरले कीं शास्त्रज्ञ तिला खडेमिश्रित म्हणतात, पस्तिसाहून अधिक भरले तर अति खडेमिश्रित. आम्हीं ठिकठिकाणीं मूठभर माती ओली करून तिची वळी करण्याचा प्रयत्न केला. आपल्या काळ्या मातीची वळी बोटाभोंवतीं गुंडाळतां येते. येथील वळी होतां होतांच मोडे.

या मातीचे दोष उघड आहेत. पाणी दिलें कीं तें खड्यांमधून खालीं निसटतें. आठ-दहा दिवसांनीं पुन्हा पाळी आली नाहीं तर पीक माना टाकतें. पाण्याबरोबर खताचा अंशहि वाहून जातो. पाऊस नसल्यामुळें क्षार धुऊन जात नाहींत, म्हणून जमीन अल्कधर्मी; नदीकांठच्या सखल भागांत तर आपल्या चोपण जमिनीसारखी पांढरी पुटें चढलेलीं आम्हीं पाहिलीं. पालापाचोळा कुजून होणारा काळा अंश नैसर्गिक जमिनींत नांवाला असतो. पण गुणहि लक्षांत घेतले पाहिजेत. सैल माती लवकर वाफशावर येते. ती ओल्या चिकणमातीपेक्षां लवकर तापते, आणि जेथें पेरणीपासून कापणीपर्यंत धड पांच महिने मिळत नाहींत तेथें चार दिवस आधीं तापलेली जमीन म्हणजे चार पायल्या धान्य. वरचे लहान खडे जमिनीवर आच्छादनासारखे पडून ओल उडूं देत नाहींत. नांगराला अडणारे गोटे शेतकरी वेंचतो. बारक्या खड्यांना तो हात लावीत नाहीं, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटलें.

गोटे वेंचण्याचें काम मात्र कधींच संपत नाहीं. दगड ओल्या मातीपेक्षां थंडी लवकर आंत नेतो, म्हणून त्याच्या बुडाशीं बर्फ आधीं धरतो आणि त्यास वर उचलतो. वसंतांत बर्फ वितळतांना बाजूची बारीक माती त्या पोकळींत घसरते, आणि दगडास परत खालीं बसावयास जागा उरत नाहीं. असा प्रत्येक हिवाळा नवे दगड वर काढून ठेवतो. बांधांच्या भिंती चार-चार फूट रुंद कां, याचें उत्तर आम्हांस यांत मिळालें.

आतां मुख्य गोष्ट. ही माती आली कोठून? साबू येथें एका घरीं आम्ही चहास बसलों होतों. घरच्या वृद्ध बाईंना सारे अबी-ले, म्हणजे आजीबाई, म्हणत. शेत किती पिढ्यांचें, असें आम्हीं विचारलें. जम्मूस शिकणाऱ्या नातवानें प्रश्न समजावून दिला. अबी-ले हंसून म्हणाल्या, “शेत सासऱ्यांच्या सासऱ्यांचें. माती आमची. दर वर्षीं आम्हीच घालतों.”

ही अतिशयोक्ति नव्हे. माती घालण्याच्या तेथें दोन वाटा आहेत. पहिली पाण्याची. हिमनदी खडकावरून सरकतांना त्याचें पीठ करते, आणि उन्हाळ्यांत तिचें पाणी ताकासारखें गढूळ वाहतें. तें युरा म्हणजे पाटानें शेतांत आणून वाफ्यांत उभें केलें, कीं पीठ खालीं बसतें. एका वर्षांत त्याचा थर कागदाहून जाड होत नसेल. पण कित्येक शतकें हा क्रम चालल्यानें खड्यांवर पोयट्याचें कातडें चढलें आहे.

दुसरी वाट घरांतून जाते. तेथील जुन्या घरांत वरच्या मजल्यावर एक लहान खोली असते. जमिनीस भोंक, बाजूस मातीचा ढीग व फावडें. या कोरड्या शौचकूपांत पाणी नाहीं. प्रत्येकानें उठतांना माती व चुलीची राख लोटावयाची. खालच्या बंद खोलींत सर्व मुरतें, आणि मग गाढवांच्या पाठीवरून शेतांत जातें. आपल्या घरांतून या विषयाचा उच्चार जेवणाच्या वेळीं करण्याची चाल नाहीं, तेव्हां वाचकांनीं वेळ पाहून वाचावें. परंतु सोनखत हा शब्द आपल्याच भाषेंतला आहे, आणि ज्यानें तो बनविला त्यास त्याची किंमत ठाऊक होती. शेण तर तेथें इंधनास लागतें, कारण लांकूड दुर्मिळ. मग त्या खड्यांच्या जमिनीस ओल धरणारा काळा अंश द्यावयाचा कोणीं? घराच्या माणसांनींच. बांधावर लसूणघास पेरतात, त्याला तेथें ओल म्हणतात. त्याच्या मुळ्या हवेंतील नत्र जमिनींत आणतात. कुंपणाचें कांटेरी सी-बकथॉर्न हेंहि तेंच काम करतें. पण मुख्य भांडवल सोनखताचेंच.

झांस्करकडे मातीचा आणखी एक उपयोग ऐकण्यांत आला. शरदांत थोडी कोरडी माती घरांत सांठवतात आणि वसंतांत ती शेतांतल्या बर्फावर पसरतात. गडद माती ऊन शोषते, बर्फ लवकर वितळतो, आणि पेरणीस थोडे दिवस अधिक मिळतात.

पाण्याची वांटणी छुरपोन करतो. आपला पाटकरी डोळ्यांपुढें आणावा. फरक इतकाच कीं हा गांवानें नेमलेला असतो. एप्रिल-मेमध्यें पेरणीस पाणी हवें, तेव्हां उंचावरच्या हिमनद्या अजून झोंपलेल्या असतात. चिकणमाती असती तर तिनें हिवाळ्याची ओल राखली असती, ही राखीत नाहीं. म्हणून छेवांग नॉरफेल या स्थापत्यविशारदांनीं हिवाळ्याचें वाहून जाणारें पाणी गांवाजवळ गोठवून ठेवण्याची युक्ति काढली. त्यांना २०१५ सालीं पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनीं २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून बर्फाचे उंच स्तूप उभे करून तीच गोष्ट निराळ्या रीतीनें साधली.

हें पोयट्याचें कातडें किती पातळ आहे तें ५ ऑगस्ट २०१० च्या रात्रीं कळलें. लेहवर ढगफुटी झाली. रोपट्यांचीं मुळें नसलेले उघडे उतार चिखलाच्या लोंढ्यांनीं खालीं आले. लेह व चोगलामसर येथें घरें गाडलीं गेलीं, एकंदर दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. पुष्कळ शेतांवर पुन्हा दगडगोट्यांचा थर बसला. पंख्यानें आपली जुनी रीत चालविली, एवढेंच. शेतें मात्र पहिल्यापासून करावीं लागलीं.

यापेक्षां हळू चाललेला एक नाश आहे, त्याची चर्चा कमी होते. १९७४ सालीं लडाख प्रवाशांसाठीं खुला झाला. आज लेहमध्यें ज्या जागीं जव पिकत होता तेथें विश्रामगृहें उभीं आहेत; त्यांतल्याच एकांत आम्ही राहिलों, म्हणून या दोषांत आमचाहि वांटा आहे. प्रवाशांस पाण्याचे शौचकूप हवेत. त्यासाठीं जमिनींत भोंकें पाडून पाणी उपसतात, आणि घाण पाणी खड्ड्यांत सोडतात. खडेमिश्रित जमीन तें फारसें न गाळतां खालच्या पाण्यांत उतरूं देते. म्हणजे जें शेतांत जावयाचें तें विहिरींत जातें, आणि शेत उपाशी राहतें. रासायनिक खताची गोणी येते खरी, पण या सैल जमिनींतून ती पहिल्या दोन पाळ्यांतच निम्मीशिम्मी वाहून जात असावी. आणि ओल धरण्याचा गुण गोणींत नसतोच.

आमच्या यजमानांनीं यावर आपल्यापुरती तोड काढलेली होती. पाहुण्यांच्या खोल्यांना चकचकीत फरशीचे पाण्याचे शौचकूप; आणि स्वयंपाकघरामागें जुना कोरडा, घरच्या माणसांसाठीं. तिसऱ्या दिवशीं आम्हीं तो वापरण्याची परवानगी मागितली. यजमानांनीं आम्हांकडे जरा निरखून पाहिलें, मग शिडी दाखविली, आणि “दोन फावडीं, कमी नाहीं,” एवढेंच सांगितलें.