ऑर्किडचा आंबिया

फुलं गळून गेलेलं ऑर्किड दुकानदाराच्या लेखी भंगार असतं. नागपूरच्या मॉलांत आणि मोठ्या नर्सऱ्यांत सणासुदीचा हंगाम उलटला की कोपऱ्यात अशा कुंड्या गोळा होतात. दांडा तेवढा उभा, पानं लोळलेली, किमतीच्या चिठ्ठीवर लाल पेनाची काट. हजाराच्या घरातलं रोप दोनशेला मिळतं, घासाघीस केली तर त्याहूनही कमीत. आमचा पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला खरा, पण ऑर्किड घ्यायचं तर आम्हां सौंसरवाल्यांना अजून नागपूरच गाठावं लागतं. लग्नकार्याच्या खरेदीला गेले की अशी एखादी कुंडी माझ्या पिशवीत येतेच. आमचे हे म्हणतात, "एखादं फुलावर असलेलं घे ना वो!" पण फुलावर असलेलं रोप घेऊन करायचं काय? ते दुकानदारानं आधीच फुलवलेलं असतं.

ही बहुतेक रोपं फॅलेनॉप्सिसची. रुंद, जाड पानं आणि वर फुलपाखरं बसावीत तशी फुलांची रांग. पहिलं रोप घरी आणलं तेव्हा मामाजी ओसरीवर बसले होते. उभा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला माणूस. ऑर्किड त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. सुकल्यासारखी दिसणारी पानं पाहून मी तांब्याभर पाणी घेऊन आले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. कुंडी उचलून वजन घेतलं, नाकाशी नेली आणि म्हणाले, "सूनबाई, हे तहानलं नाही. बुडून मरून राह्यलं."

हे निदान त्यांनी संत्र्यावरून केलं होतं. संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचलं की मुळं कुजतात, खोडाला डिंक्या लागतो, आणि मुळं गेलेलं झाड वरून तहानल्यासारखं दिसतं. नवखा शेतकरी त्याला आणखी पाणी देतो आणि झाड घालवतो. म्हणून तर बागेत दुहेरी आळं करतात. पाणी बाहेरच्या गोलात, बुंधा कोरडा.

रोप उपसलं तेव्हा त्यांचं बोलणं पटलं. बाहेरच्या देखण्या कुंडीला तळाला भोकच नव्हतं. आत पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात दाबून भरलेलं पांढुरकं शेवाळ, आणि त्याच्याही पोटात, मुळांच्या अगदी मधोमध, रोप लहान असताना लावलेली शेवाळाची जाळीदार पुडी. वरचं शेवाळ वाळलं तरी ही पुडी ओलीच राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. ती कात्रीनं कापून काढावी लागते. मग एकेक मूळ बोटांत दाबून पाहायचं. चांगलं मूळ टणक लागतं. कुजलेलं दाबलं की पिचकतं, साल निसटून हातात येते आणि आतला बारीक दोरा तेवढा रोपाला लटकत राहतो. अशी सगळी मुळं कापून टाकते आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावते, फक्त तिथंच. धडधाकट मुळांना ती लागली तर तीही वाळतात. मामाजी मोरचूद आणि चुना कालवायला निघाले होते. संत्र्याच्या खोडाला ते औषध. पण तांबं कित्येक ऑर्किडांना सोसत नाही, म्हणून मी ते होऊ दिलं नाही. ते जरा नाराजच झाले.

फॅलेनॉप्सिस मुळात आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. मुळं हवेत लोंबती. त्यांच्यावर स्पंजासारखा पांढरा थर असतो. पाऊस पडला की भराभर पाणी पितो आणि वाऱ्यानं लवकर वाळतो. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं. पारदर्शक डब्याचा फायदा हाच. पाणी कधी द्यायचं ते डबाच सांगतो: चंदेरी झालं की द्या, हिरवं आहे तोवर हात लावू नका. 'आठवड्यातून तीन बर्फाचे खडे' हा कुंडीवरच्या चिठ्ठीतला सल्ला मी त्या पुडीबरोबरच फेकून दिला.

असलं जंगलातलं रोप दोनशे रुपयांपर्यंत उतरतं तरी कसं? ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच; निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. अमेरिकेतल्या लुईस नड्सननं 1922 साली साखर घातलेल्या अगारवर बुरशीवाचून ते रुजवून दाखवलं, आणि फ्रान्सच्या जॉर्जेस मोरेलनं 1960 साली वाढत्या कोंबाच्या शेंड्यापासून हुबेहूब रोपं करण्याची वाट दाखवली. पुढे तैवानसारख्या देशांनी त्याचे कारखानेच उभारले. एके काळी श्रीमंतांच्या काचघरातलं फूल त्यामुळे आमच्या पिशवीपर्यंत आलं.

रोप पुन्हा भरण्यासाठी पुस्तकात पाइनची साल वापरायला सांगतात. सौंसरात ती कुठून आणणार? पण जामसावळीला, निद्रिस्त हनुमानाच्या देवळाबाहेर, नारळाच्या शेंड्यांना तोटा नाही. पोतंभर आणते, तुकडे करते आणि पाणी बदलत बरेच दिवस भिजत घालते. सोडणामधला खार आणि तांबूस रंग निघून गेला पाहिजे. त्यात इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे. डब्याला बाजूनंही भोकं. खत म्हणजे बागेतल्या ठिबकसाठी आणलेल्या 19:19:19 च्या पोत्यातली चिमूट, लिटरभर पाण्यात. तेही मुळं धरल्यावरच. आजारी रोपाला खत घालू नये.

पाण्याचं दुखणं मात्र आहे. आमच्या बोरिंगचं पाणी जड. थोड्याच दिवसांत सोडणावर पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं करपतात. म्हणून पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी ड्रमात भरून ठेवते. ते संपलं की आरओचं. पिण्याचं पाणी झाडाला घालते म्हणून सासूबाई पुटपुटतात, त्याकडे मी कानाडोळा करते.

उन्हाळा कसा निघेल याची मला सगळ्यात धास्ती होती. नवतप्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, अंगणातला कढीलिंबसुद्धा माना टाकतो. पण इथं कूलरच कामी आला. कूलर लावलेल्या खोलीत गारवा असतो आणि दमटपणाही. आपल्याला चिकचिक होते, या रोपांना तेच हवं. थेट झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात कुंड्या ठेवल्या आणि मे महिना निभावला. पोळ्याच्या सुमारास, पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमारीची गडबड सुरू होते त्या दिवसांत, पहिल्या रोपाला नवं पान आलं, तेही जुन्या पानांहून मोठं.

मग फुलांची वाट. फॅलेनॉप्सिसला फुलायला गारवा लागतो. काही आठवडे हवा पंचविशीच्या खाली राहिली की दांडा निघतो. सतत उकाड्यात ठेवलं तर पानंच येत राहतात. हे मामाजींना सांगितलं तर ते हसले. "मंग हा आंबियाच झाला की!" संत्र्याचंही तसंच. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, थंडीनं वाढ थांबते, पुढे पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो. फरक एवढाच की फॅलेनॉप्सिसचं पाणी तोडायचं नाही, थंडीच पुरते. तीही बेतानं, रात्री आमच्याकडे पारा दहापर्यंत उतरतो, तेवढं सोसत नाही. म्हणून दिवसा ओसरीवर, रात्री आत खिडकीशी.

मार्गशीर्षात पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावलं. मूळ की दांडा, ही हुरहूर काही दिवस राहते. मुळाचं टोक गोल, चकचकीत. दांड्याचं जरा चपटं, वाकडं, बोट दुमडल्यासारखं. दांडा होता. फुलं उमलायला होळी आली, म्हणजे बागेत संत्र्याची फुलं झडून फळं धरली होती.

सगळी रोपं जगत नाहीत. पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा कुजला असेल तर मी आता ते फुकटही घेत नाही.

फुलं गळल्यावर मामाजी सिकेटर घेऊन आले. वाळकी सल काढायचीच, असा बागेचा नियम. दांडा अजून हिरवा होता. हिरव्या दांड्याच्या खालच्या पेरातून पुन्हा फुलं येऊ शकतात, असं म्हणून मी तो राखला. अशक्त रोपांचा मात्र त्यांना कापू देते.

एक डेंड्रोबियम अजून आम्हा दोघांनाही दाद देत नाही. उन्हातान्हात मजेत असतं, कांड्यांवर पिल्लं धरतं, पण फूल म्हणून नाही. मामाजींचं म्हणणं, त्याला ताणच बसला नाही. यंदा थंडीत त्याचं पाणी जवळजवळ बंद केलं आहे. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली आहेत, आणि मी रोज तांब्या घेऊन तिथपर्यंत जाते. "हात लावू नका," ते ओसरीवरून ओरडतात.