लंडनमधली भावंडे आणि एका खोलीचा प्रश्न

कारभाराच्या दृष्टीने लंडन हे एक शहर नाही. 32 बरो आणि सिटी ऑफ लंडन अशा 33 स्थानिक संस्थांत ते विभागलेले असून, आईवडिलांपाशी ठेवणे धोक्याचे ठरलेल्या मुलांची जबाबदारी त्या त्या संस्थेवर असते. अशा मुलांना पारखून घेतलेल्या, प्रशिक्षित कुटुंबाकडे भत्ता देऊन सांभाळायला ठेवण्याच्या व्यवस्थेला फॉस्टर केअर म्हणतात. दत्तकाप्रमाणे यात मूल कायद्याने त्या कुटुंबाचे होत नाही. 1989 च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टनुसार, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, भावंडांना एकत्र राहता येईल अशी जागा देणे बंधनकारक आहे, मात्र ‘वाजवीपणे शक्य असेल तोवर’ अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे आणि कित्येक मुलांचे भवितव्य या पुस्तीतच ठरते.

तीन वर्षांवरील मुलाला शक्यतो स्वतंत्र खोली असावी, असा दंडक आहे. लंडनच्या चाळवजा जोडघरांत तिसरी खोली, जिला बॉक्स रूम म्हणतात, बहुधा एका पलंगातच भरून जाते. एका फॉस्टर घरात साधारणपणे तीनच मुले ठेवण्याची मर्यादा कायद्याने भावंडांसाठी शिथिल केली आहे खरी, पण त्यामुळे घराला खोल्या वाढत नाहीत. मुलांना रातोरात हलवावे लागले की जागा मिळेल तिथे एकेकाला पाठवले जाते. धाकटा दक्षिणेला क्रॉयडनमध्ये आणि थोरली उत्तरेला एन्फिल्डमध्ये, असेही होऊ शकते, आणि मुले नव्या शाळेत रुळली की तात्पुरती म्हणून केलेली सोय हलवणे अवघड होऊन बसते.

धाकट्याला दूध किती वाजता लागते, कोणत्या आवाजाने तो दचकतो, हे ठाऊक असलेल्या थोरल्या बहिणीच्या डोक्यावरचा भार उतरावा, असेही कारण ताटातुटीसाठी दिले जाते. भावंडांत मारहाण असेल तेथे वेगळे ठेवणे रास्तच आहे. एरवी मात्र धाकटा नजरेआड झाल्याने तिची काळजी कमी होत नाही, उलट ती वाढते, आणि देखरेखीखाली होणाऱ्या ठरावीक तासांच्या भेटींनी ती मिटत नाही.

लंडन परिसरातील अनेक मराठी कुटुंबांत मुले विद्यापीठात गेल्यावर दोन-दोन खोल्या रिकाम्या राहतात. फॉस्टर पालक होण्यासाठी ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाही अर्ज करता येतो, आणि तो करताना भावंडांची जोडी सांभाळण्याची तयारी आहे, असे सुरुवातीलाच सांगता येते.