हेडक्लार्कचा कॉम्प्युटर

परवा माळा आवरताना जुन्या कात्रणांची फाइल सापडली. त्यात २००७ मधलं एक कात्रण होतं, टँकरच्या न झालेल्या फेऱ्यांच्या बिलांचं. बातमी माझीच. तेव्हा मी तालुक्याच्या गावी एका छोट्या दैनिकासाठी काम करायचो. कात्रण हातात घेऊन बसलो आणि बातमीपेक्षा तिच्या आधीचं एक बोलणंच जास्त आठवत राहिलं.

माहिती देणारे गृहस्थ एका कार्यालयात कारकून होते. मी त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. फेऱ्यांची नोंद त्यांना रोजच्या कामात दिसायचीच. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना ते म्हणाले, "साहेब, यादी काढून देतो. पण माझ्या लॉगिनवरून काढली तर उद्याच घरी बसवतील. काय करू सांगा."

आणि मी, जराही विचार न करता, म्हणालो, "जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्कचा कॉम्प्युटर चालूच असतो ना?"

बस्स, एवढंच. आठवड्याभरात कागद आले. कुठून काढले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

इतकी वर्षं मला या वाक्याचा थोडा अभिमानच होता. बातमी देणाऱ्याला वाचवायचं, हा आमचा धर्म! तो अभिमान पहिल्यांदा हलला ११ एप्रिल २०१९ ला. त्या दिवशी ज्युलियन असांजला लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासातून पोलिसांनी बाहेर काढलं आणि अमेरिकेने त्याच्यावरचं आरोपपत्र उघड केलं. मला वाटलं होतं, गुपितं छापल्याचा आरोप असेल. (ते आरोपही पुढच्याच महिन्यात आले.) पण हा पहिला निघाला वेगळाच : कॉम्प्युटरमध्ये बेकायदा शिरण्याचा कट. शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षं.

आरोप असा होता. मार्च २०१० मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चेल्सी मॅनिंगने असांजला एका पासवर्डच्या सांकेतिक रूपाचा तुकडा पाठवला आणि तो फोडायला मदत करायचं असांजने कबूल केलं. आता गंमत बघा. मॅनिंगला ती गुप्त कागदपत्रं बघण्याची परवानगी होतीच, आणि त्यातली ढीगभर तोपर्यंत देऊनही झाली होती. हा पासवर्ड हवा होता तो दुसऱ्या नावाने लॉगिन करण्यासाठी, म्हणजे माग काढणं अवघड व्हावं. आणि पासवर्ड फुटला, असं आरोपपत्रात कुठेही म्हटलेलं नाही.

दुसऱ्याच्या नावाने लॉगिन... वाचता वाचता मला ती चहाची टपरी दिसायला लागली.

कटाच्या कायद्याची खरी मेख इथेच आहे. काम फत्ते झालं का, हे तो विचारतच नाही. दोघांचं ठरलं का आणि त्या दिशेने कुणी एखादं पाऊल टाकलं का, एवढंच बघतो. ते पाऊल एरवी अगदी निरुपद्रवी असलं तरी चालतं. त्या आरोपपत्रात कट कसा चालला याची यादी आहे. तिच्यात चॅटवर बोलणं, त्या बोलण्याच्या नोंदी पुसणं, कागदांवरची नावं काढून टाकणं हेही आहे. असांजला पत्रकार म्हणायचं की नाही हे भांडण जुनं आहे, ते राहू दे. पण ही तर कुठल्याही बातमीदाराची रोजची कामं!

हे अमेरिकेपुरतंच आहे असंही नाही. ब्राझीलमध्ये ग्लेन ग्रीनवाल्डने अधिकाऱ्यांचे हॅक झालेले संदेश मिळवून छापले. जानेवारी २०२० मध्ये सरकारी वकिलांनी त्याच्यावरही आरोप ठेवले. संदेश पुसण्याबद्दल हॅकरशी बोलला म्हणजे तो त्यांच्यातलाच झाला, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांना आधीच्या तपासात त्याचा सहभाग दिसला नव्हता, तरीही! फेब्रुवारीत न्यायाधीशांनी, सर्वोच्च न्यायालयातून आधीच निघालेल्या आदेशाकडे बोट दाखवून, त्याच्यावरचे आरोप दाखल करून घेतले नाहीत.

आणि आपल्याकडे? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ काढून बघा. विनापरवानगी शिरणारा त्यात आहेच, पण शिरायला मदत करणाराही आहे. हे अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

असांज जून २०२४ मध्ये सायपान बेटावरच्या अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल करून सुटला. तो गुन्हाही कटाचाच, पण हेरगिरीच्या कायद्याखालचा. पासवर्डच्या आरोपाचा खटला काही उभा राहिलाच नाही. त्यामुळे दिलेलं घेणं कुठे संपतं आणि मदत करणं कुठे सुरू होतं, याचा निवाडा त्यातून मिळाला नाही.

मग माझा मीच करून बघितला. आणलेले कागद घेणं, तपासणं, छापणं, आणणाऱ्याचं नाव मरेपर्यंत न सांगणं, हे सगळं मी आजही करीन. पण "कसे काढू?" याचं उत्तर देणार नाही. हे लिहितानाही थोडी लाज वाटते. भाऊसाहेबांनी नोकरी पणाला लावायची आणि मी चहा संपवून निघून जायचं!

पण त्याहून जास्त लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते. चौकशी झाली असती तर सापडलं असतं ते हेडक्लार्कचं नाव. मी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं. एकाला वाचवताना दुसऱ्याला पुढे केलं, हे मला बारा वर्षं सुचलं नाही. सुचलं तेही अमेरिकेचं आरोपपत्र वाचल्यावर.

माहितीचा अधिकार २००५ मध्येच आला होता. कुठलं रजिस्टर मागायचं एवढं भाऊसाहेबांना विचारून मला माझ्या नावाने अर्ज करता आला असता. तीस दिवस थांबावं लागलं असतं. तेवढ्यात रजिस्टर बदललं असतं का? असेलही. पण अर्जावर सही माझी असती.

कात्रण परत फाइलीत ठेवलं. भाऊसाहेब आता निवृत्त झाले असतील. हेडक्लार्क तर केव्हाच.